चार फुटांची भिंत

शोभनाकाकूंच्या झोपायच्या खोलीत, छताच्या कडेने, प्लास्टरचे ससे पळत असतात. मोजून साडेतेरा. चौदाव्याचं शेपूट आणि मागचे पाय काकूंकडे आहेत. कान आणि नाक भिंतीपलीकडे, शेजारच्या बिऱ्हाडात. ही खोली एकेकाळी लहान मुलांची होती आणि तेव्हा सगळे सत्तावीस ससे एकाच छताखाली गोल धावत. पुढे कुणीतरी मधोमध भिंत घातली. घालणाऱ्या सुताराने वर पाहिलं नसावं, किंवा पाहून खांदे उडवले असावेत.

काकूंचा मुलगा सिद्धेश नवव्या वर्षी नागपूरहून या खोलीत आला आणि झोप लागेपर्यंत ससे मोजत राहिला. आता तो सदतीस वर्षांचा आहे, नॉर्थ कॅरोलायनात कॅरी गावी असतो, आणि दर रविवारी फोनवर विचारतो, "आई, कधी येतेस?" दिगंबरकाकांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून हा प्रश्न सुरू आहे.

स्टेट कॉलेज या आमच्या गावातल्या बसचा शेवटचा थांबा टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिथून मान वर केली की हे घर दिसतं: टोकदार छपरं, दगडी चौकटींच्या खिडक्या, अकरा धुराडी. चुन्याच्या खाणीच्या एका मालकाने १९१२ साली ते बांधलं. तो इंग्लंडला गेला होता, तिथल्या कुणा उमरावाचं गावाकडचं घर त्याच्या मनात भरलं, आणि परत येऊन त्याने पेनसिल्व्हेनियाच्या टेकडीवर तसंच घर उठवलं. नातवंडांना ते पेलेना. पन्नासच्या दशकात ते विकलं गेलं आणि त्याची नऊ बिऱ्हाडं झाली. मेजवान्यांच्या दालनात दोन भिंती उभ्या राहिल्या. पुढच्या अर्धगोल खिडकीची तीन तावदानं आता एका बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघराला उजेड देतात आणि दोन दुसऱ्याच्या न्हाणीघराला. ओकचा रुंद जिना पहिल्या मजल्यावर दिमाखात चढतो आणि तिथेच संपतो. त्याच्या वर जायला एकच साधा लाकडी जिना आहे.

बिऱ्हाडांची नावं जुन्या खोल्यांवरूनच पडली. घरमालकीण बार्बरा लायब्ररीत राहते. मी तळमजल्यावर पँट्रीत, जिथे पूर्वी चांदीची भांडी कुलपात असत. सगळ्यात वरची काकूंची ती नर्सरी. आम्ही मराठी मुलं तिला पाळणाघर म्हणतो. काकूंची हरकत नाही. "जेवायच्या वेळी बरोबर जमता नं सगळे," त्या म्हणतात. "मग पाळणाघरच झालं."

माझी त्यांच्याशी ओळख तक्रारीतून झाली. माझ्याकडे कपडे ठेवायला एक अरुंद, बिनखिडकीची खोली आहे. पहिल्याच थंडीत तिथे टांगलेल्या माझ्या कोटाला हिंगाचा वास यायला लागला. सेमिनारमध्ये शेजारच्या मुलीने फार सभ्यपणे विचारलं, तू एखाद्या रेस्टॉरंटमध्ये काम करतेस का? मी चौकशी करत करत वरपर्यंत गेले.

"काकू, तुमच्या फोडणीचा वास माझ्या कोटाला येतो."

"तू कुठे राहतेस?"

"खाली. पँट्रीत."

"दोन मजले खाली?" त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "जेवायचं असेल तर सरळ सांग नं बाई. बहाणे कशाला?"

मग त्यांनी गोळाभात वाढला, वर तेल घातलं, आणि मी तक्रार विसरले.

नागपूरला काकू बांधकाम खात्यात अनुरेखक होत्या. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर शाईने उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. वीस वर्षं केलं. आधी कापडावर खडूची भुकटी चोळायची, म्हणजे शाई धरते. चुकलं तर ब्लेडने खरवडायचं आणि तिथे नखाने घासून कापड पुन्हा गुळगुळीत करायचं. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख अजून थोडं सपाट आहे. दिगंबरकाका प्रयोगशाळेसाठी काचेची उपकरणं फुंकून बनवत. ते काम इथल्या विद्यापीठात मिळालं म्हणून १९९७ साली तिघं आली. काकूंच्या हाताला मात्र इथे काम नव्हतं. नकाशे तोवर कॉम्प्युटरवर निघायला लागले होते. पुढे त्या विद्यापीठाच्या भोजनगृहात बेकरी विभागात लागल्या आणि सतरा वर्षं केक कापले. एका ट्रेचे शहाण्णव तुकडे, पट्टी लावून. मुलं म्हणायची, यात मोठा तुकडा शोधून दाखवा.

बेकरीच्या आधीच्या रिकाम्या हिवाळ्यात त्यांनी या घराचा नकाशा काढला. काकांनीच सुचवलं होतं. शनिवार-रविवार दोघं टेप घेऊन एकेका बिऱ्हाडाचं दार वाजवायची. काकांचं इंग्रजी बरं, म्हणून बोलायचं त्यांनी, आणि टेपचं दुसरं टोक धरायचंही त्यांनीच.

या वर्षी मार्चमध्ये गावाच्या अग्निसुरक्षा तपासनिसाचं पत्र आलं. त्याने सगळं घर पाहिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या नर्सरीला बाहेर पडायला एकच जिना आहे. शेजारच्या बिऱ्हाडाच्या खिडकीला लोखंडी शिडी आहे, पण दुसऱ्याच्या घरातून जाणारी वाट धरता येत नाही. दुसरी वाट केली नाही तर एक ऑगस्टनंतर नर्सरीत कुणी राहू शकणार नाही. बार्बराने बाहेरून नवा लोखंडी जिना लावायची परवानगी मागितली. घर जुनं, नोंद झालेलं. वारसा समितीने नकार दिला. दर्शनी भागाला धक्का लागतो म्हणे.

बार्बरा बनाना ब्रेड घेऊन वर आली आणि काकूंच्या टेबलाशी बसून रडली. मी तिथेच होते. काकूंनी तिला चहा दिला, ब्रेड कापला, सारख्या जाडीचे आठ तुकडे केले.

सिद्धेशने फोनवर सुटकेचा श्वास टाकला. काकूंनी स्पीकर लावला होता.

"आई, इट्स अ साइन. खालची बेडरूम रेडी आहे. बाथरूममध्ये बार लावलेत. एकही पायरी चढायची नाही तुला."

"मला पायऱ्या आवडतात."

"तुझ्या गुडघ्याला आवडत नाहीत, त्याचं काय?"

फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. "चांगला आहे गं तो," त्या म्हणाल्या. "घर पण चांगलं आहे त्याचं. सगळ्या भिंती पांढऱ्या. मी चार दिवस राहिले नं, तर पाचव्या दिवशी मला कळेना, मी कुठल्या खोलीत आहे." फडकं पिळत म्हणाल्या, "इथे मला अंधारातही कळतं. ह्यांनी टेप धरलेला आहे प्रत्येक भिंतीला."

एप्रिलमध्ये त्यांनी सामान आवरायला काढलं. मी मदतीला जात असे. पलंगाखालच्या पत्र्याच्या नळीतून एके दिवशी तो नकाशा निघाला. टेबलावर पसरला तेव्हा चारी कोपऱ्यांवर आम्हाला डाळीचे डबे ठेवावे लागले. निळसर कापड, काळ्या रेषा, आणि अक्षरं अशी की छापल्यासारखी. आठ फुटांना एक इंच. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट: अनुरेखन, शो. व. तपासले, दि. व., २१ फेब्रुवारी १९९९.

मी माझी पँट्री शोधली, तिथून बोटाने वर गेले. काकूंच्या स्वयंपाकघरामागे तिरप्या रेषांनी गच्च भरलेला एक लांब पट्टा होता. तो तिन्ही मजल्यांवर एकाच जागी होता.

"हे काय?"

"भिंत. भरीव आहे म्हणून रेषा."

"एवढी जाड?"

"चार फूट. आतून सगळ्या खोल्या मोजल्या, बाहेरून घर मोजलं, वजा केलं. चार फूट उरले." त्या हसल्या. "आमची नागपूरची कचेरी इंग्रजांनी बांधलेली. तिथे मी खिडकीत बसून डबा खायची, एवढी जाड भिंत. आणि इथे वर धुराडं आहे बरोबर ह्याच जागी. खाली भिंत नसेल तर धुराडं कशावर उभं राहील?"

नकाशावर माझी कपड्यांची खोली त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला चिकटलेली होती. मी ते पाहत राहिले आणि सहज बोलून गेले, "मग माझ्या कोटाला वास कुठून येतो?"

काकूंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"खरंच येतो?"

"काकू, मी पहिल्या दिवशी तेच सांगायला आले होते."

"मला वाटलं, तू भुकेली आहेस."

"तेही होतं."

त्या नकाशावर वाकल्या आणि त्या काळ्या पट्ट्यावरून त्यांनी सपाट नखाने एक रेघ ओढली. "दगडातून वास येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग सरळ उभ्या राहिल्या. "खाली जा. कपड्यांच्या खोलीत दार लावून बस. मी कुकर लावते."

मी कोटांच्या खाली मांडी घालून बसले. दहा-बारा मिनिटं गेली. मग शिट्टी झाली. डोक्यावर, जरा डावीकडे, शेजारच्या खोलीत कुकर असावा इतकी स्पष्ट. दुसरी. तिसरी. त्यापाठोपाठ भिंतीच्या आतून, जणू विहिरीतून यावा तसा आवाज आला:

"ऐकू आलं काय गं?"

त्या ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून ओरडत होत्या.

दुसऱ्या दिवशी बार्बरा सुताराला घेऊन आली. तिच्या सासऱ्यांनी घराची बिऱ्हाडं केली होती आणि ती सून म्हणून घरात येण्याआधीच ते वारले होते. भिंतीत काय आहे हे तिला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. सुताराने माझे कोट पलंगावर ठेवले आणि मागची फळी उचकटली. धूळ खाली बसली. आत जिना होता.

नोकरांचा जिना. मालकांच्या नजरेस न पडता दूध, कोळसा, धुतलेले कपडे नर्सरीपर्यंत नेण्याची वाट. एकतीस पायऱ्या, दोन्ही बाजूंना लाकडी भिंती, आणि प्रत्येक पायरी मधोमध थोडी झिजलेली. माझ्या कपड्यांच्या खोलीच्या बाहेरच्या बाजूला, फळ्यांआड, अंगणात उघडणारं एक दारही सापडलं. आणि ते धुराडं? सुतार छपरावर जाऊन आला. आतून पोकळ, लाकडी चौकटीवर विटांचा पातळ थर. दुसऱ्या बाजूला एक आहे म्हणून या बाजूलाही एक, नुसतं शोभेचं. घरही तसंच होतं. दगड फक्त बाहेरून. आत सगळं लाकूड.

"फसवलं मला," काकू म्हणाल्या. पण त्या फसवल्या गेलेल्या माणसासारख्या दिसत नव्हत्या. "मी समजले इंग्रजांचं आहे. हा तर खाणवाल्याचा कारभार."

तपासनीस आला. टॉर्च घेऊन तीनदा चढला-उतरला. अरुंद आहे, म्हणाला, उभा आहे, पण आहे. दोन्ही टोकांना दारं, कठडा, दिवे आणि धुराची घंटा बसवली, तर ही दुसरी वाट म्हणून चालेल. माझी कपड्यांची खोली मात्र गेली. तिथून आता जाण्यायेण्याचा रस्ता. बार्बराने मला तसं विचारलं तेव्हा मी पटकन हो म्हटलं. कोट आता दाराच्या खुंटीला असतात. वास तसाच येतो.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी सिद्धेश आला. कॅरीहून आठ तास गाडी चालवून, मागे सपाट घडी घातलेले खोके भरून. काकूंनी फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी खोके आणले होते. उंच, थकलेला, बोलताना मान किंचित डावीकडे कलती. काकांच्या फोटोत तीच सवय दिसते.

"जिना सापडला, ग्रेट," तो म्हणाला. "आय मीन इट, आई. अमेझिंग आहे. पण इन्स्पेक्शन पास झालं म्हणजे तू सेफ झालीस असं नाही ना. आग लागली तर तू त्या जिन्याने उतरणार? तू? मागच्या थँक्सगिव्हिंगला माझ्या घरच्या दोन पायऱ्यांवर थांबली होतीस."

"तुझ्या पायऱ्यांना कठडा नव्हता."

"आई."

"काय आई-आई? उतरून दाखवते. तू खाली जाऊन थांब. सावनी," त्या माझ्याकडे वळल्या, "ह्याला घेऊन जा."

"समजा नाही जमलं तर?" सिद्धेशने विचारलं. आवाज खाली आला होता.

काकूंनी खोक्यांकडे पाहिलं. "तर भर ते. मी कुरकुर करणार नाही."

आम्ही दोघं माझ्या पूर्वीच्या कपड्यांच्या खोलीत उभे राहिलो. अंगणाचं दार उघडं होतं, ऊन पायापर्यंत येत होतं. वर दार वाजलं. मग पहिलं पाऊल. काकू एक पाय खाली ठेवत, दुसरा त्याच्याशेजारी आणत, मग पुढची पायरी. कठड्यावरून हात सरकल्याचा आवाज दर वेळी मागून येई.

सिद्धेश पुटपुटत होता. मला वाटलं प्रार्थना. तो मोजत होता, मराठीत, मुलं मोजतात तसं. "अकरा... बारा... तेरा..." तेराव्यानंतर तो अडखळला, आणि मला वाटतं त्याला स्वतःलाच ऐकू आलं, कारण तो क्षणभर हसला. मग चौदा म्हणाला.

एकोणिसाव्या पायरीनंतर आवाज थांबला.

आम्ही वाट पाहिली. वरच्या दिव्याचा उजेड मध्यापर्यंत पोचत नव्हता, काकू दिसत नव्हत्या. सिद्धेशने एक पाय जिन्यावर ठेवला. "आई?"

काही नाही. मग कापड घासल्यासारखा आवाज.

"आई!"

"ओरडू नको, बसले आहे."

"पडलीस?"

"बसले म्हटलं नं. पडले असते तर पडले म्हटलं असतं." श्वास घेतला. "इथे भिंतीला गुळगुळीत खळगा आहे, बरोबर खांद्याशी. दूध घेऊन येणारी बाई इथेच टेकत असणार. येऊ नको वर. येतेच मी."

सिद्धेशने पाय मागे घेतला नाही, पण वरही गेला नाही. त्याचा हात कठड्यावर होता. मी पाहत होते की त्याला धावत जावंसं वाटतंय, आणि हेही की तो धावला तर काकू हरतील. तो उभा राहिला. इतकंच त्याने केलं. वीस. एकवीस. बाविसाव्या पायरीला साडीची निळी किनार दिसली, मग चपला, मग सुरकुतलेला हात. शेवटची पायरी उतरून त्या उन्हात आल्या तेव्हा कपाळावर घाम होता आणि केसात कोळ्याचं जाळं.

"एकतीस," सिद्धेश म्हणाला.

"मला माहीत आहे किती ते," काकू म्हणाल्या. त्याने त्यांच्या केसातलं जाळं काढलं. बराच वेळ काढत होता. जाळं एवढंसंच होतं.

खोके त्याने गाडीतच ठेवले. "एक वर्ष," तो म्हणाला. "नेक्स्ट समर पुन्हा उतरून दाखवायचं. आणि मधल्या वळणाला सीट बसवायची."

"वळण नाही आहे. सरळ जिना आहे."

"बरं. एकोणिसाव्या पायरीला."

दुपारी चहानंतर काकूंनी नकाशा काढला. डाळीचे डबे कोपऱ्यांवर बसले. त्यांनी नवं ब्लेड घेतलं आणि तिरप्या रेषा एकेक करून खरवडायला सुरुवात केली. काळी भुकटी त्या फुंकरीने उडवत, नखाने घासत. सव्वीस वर्षांची भिंत तासाभरात गेली. मग पट्टी ठेवून त्यांनी पायऱ्या काढल्या. शेवटी एक लांब बाण, पायथ्यापासून वर जाणारा, जसा जिन्याच्या नकाशात असतो.

सिद्धेश कोपऱ्यातल्या चौकटीवर वाकला होता. "बाबांनी चेक केलं होतं? आणि त्यांनाही नाही कळलं?"

"कळायला बघायला हवं नं. मी म्हटलं बरोबर आहे, ह्यांनी सही ठोकली." काकूंनी पेन पुसलं. "साहेबांनी असं केलं असतं तर मी तक्रार केली असती."

त्यांनी काकांच्या सहीखाली एक नवी ओळ आखली आणि पेन सिद्धेशपुढे धरलं. तपासले. तारीख.

त्याने पेन घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. "मी अशी सही नाही करणार. मेझर केल्याशिवाय नाही."

"कर नं मग. टेप दाराच्या मागे आहे. बाबांचाच."

तो टेप घेऊन खाली गेला. टेप जिन्यातून ओढत, दर पायरीची उंची मोजत, वर येणार होता. काकूही खाली आल्या, या वेळी नेहमीच्या जिन्याने, मला धरून. अंगणाच्या दाराशी त्या स्टुलावर बसल्या आणि टेपचं टोक पहिल्या पायरीवर अंगठ्याने दाबून धरलं. टेपचं दुसरं टोक वर अंधारात जात होतं.

"आई," भिंतीच्या आतून आवाज आला, "धरलंस का?"

"धरलंय," त्या म्हणाल्या. "तू वाच."